सातारा सोडण्यापूर्वीच्या सहली: ठरलेला बेत फसला तर काय करावे

बदलीचा आदेश हातात पडला, पुण्या-मुंबईत नोकरी मिळाली किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवायचे ठरले, की साताऱ्यातल्या घरात एक यादी तयार होऊ लागते. कासची फुले एकदाही नीट पाहिली नाहीत, वासोट्याचा किल्ला राहूनच गेला, ठोसेघरच्या धबधब्याला पाहुण्यांना घेऊन गेलो पण स्वतः निवांत कधी थांबलो नाही, सज्जनगडावर आईला न्यायचे होते, अशी ती यादी असते. इतकी वर्षे जे गावाच्या उशाला होते, ते सगळे आता उरलेल्या चार-दोन रविवारांत बसवायचे असते. त्यातच पाऊस, धुके, बंद पडलेले रस्ते, वनखात्याचे नियम आणि घरातली बांधाबांध आडवी येते. त्यामुळे अशा सहलींपैकी निम्म्या तरी ठरल्याप्रमाणे पार पडत नाहीत, हे गृहीत धरूनच आखणी करावी. ती कशी करावी आणि ऐन वेळी बेत मोडला तर हातातला दिवस कसा वाचवावा, याची क्रमवार माहिती पुढे दिली आहे.

आधी कॅलेंडर पाहावे, मग ठिकाणे ठरवावीत

सरकारी नोकरांच्या बदल्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि शाळांचे वर्षही त्याच सुमारास संपते. म्हणजे सातारा सोडणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे शेवटचे रविवार भर उन्हाळ्यात किंवा जूनच्या तोंडावर येतात. यादीत मात्र पहिले नाव असते कासचे, आणि कासचा फुलोरा साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. मे महिन्यात पठारावर जांभ्या दगडाचा तांबूस-काळा खडक आणि वाळलेले गवत याखेरीज फारसे काही नसते. निरोपाच्या सहलीतली सर्वांत मोठी निराशा ही अशी, घरातून निघण्यापूर्वीच ठरलेली असते. तेव्हा यादीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे त्याचा योग्य महिना लिहावा आणि आपल्या उरलेल्या दिवसांत जे बसतच नाही, ते निःसंकोचपणे खोडून 'परत येऊन पाहायचे' या वेगळ्या कागदावर घ्यावे.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडे जायचेच असेल तर कास-बामणोलीच्या रस्त्याला करवंदांसाठी आणि जांभळांसाठी जावे, आणि पहाटे निघून दुपारी बारापूर्वी परतावे. या दिवसांत वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर गाठतो आणि उघड्या पठारावर विजेपासून आडोसा म्हणावा असे काही नसते. बामणोलीजवळच्या शिवसागर जलाशयाची, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याची, पातळी मे महिन्यात बरीच खाली गेलेली असते. नावेत बसण्यासाठी तेव्हा चिखलातून आणि कोरड्या उतारावरून बरेच चालावे लागते, म्हणून वृद्ध माणसे बरोबर असतील तर नौकाविहाराचा हट्ट या महिन्यात धरू नये. मेच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आसपास, सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात काजवे दिसतात. ज्यांना जूनमध्ये निघायचे आहे त्यांच्यासाठी कासच्या न झालेल्या सहलीची भरपाई याहून चांगली दुसरी नाही, असे माझे मत आहे. त्यासाठी अंधारात जंगलात शिरू नये. ओळखीच्या गावात मुक्काम करून गावालगतच्या झाडांवरच ते पाहावेत आणि विजेरी शक्यतो बंद ठेवावी.

जून ते ऑगस्ट हे ठोसेघरचे दिवस. सज्जनगडाच्या बाजूने बोरणे घाट चढून तेथे जाता येते आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या लागतात. याच काळात वासोटा बंद असतो. कोयना अभयारण्यातील आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलेला हा किल्ला साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना खुला नसतो. 'ओळखीने सोडतील' या आशेवर बामणोली गाठणाऱ्यांचा दिवस तिथेच संपतो. सप्टेंबरात निघणारे भाग्यवान, पण त्यांनाही कासवर गर्दी भोवते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मात्र यादीतले जवळजवळ सगळे काही जमते, फक्त फुले आणि भरलेले धबधबे तेवढे हुकतात.

प्रत्येक पश्चिमेच्या बेताला पूर्वेची जोड द्यावी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. सातारा शहर ज्या जागी वसले आहे, तिथून पश्चिमेला गेले तर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण-खटावकडे गेले तर तोच पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. एकाच जिल्ह्यात, दोन-अडीच तासांच्या प्रवासात, इतका फरक. म्हणून ज्या सकाळी कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट ढगात बुडालेला असतो, त्याच सकाळी कोरेगावच्या पुढे आभाळ मोकळे असण्याची शक्यता पुष्कळ असते. साताऱ्यात राहणाऱ्यांचीसुद्धा सहलीची कल्पना बहुधा पश्चिमेलाच संपते आणि पाऊस आला की 'आज राहू द्या' म्हणून घरी भजी तळली जातात. शेवटच्या काही रविवारांत ही चैन परवडत नाही.

पूर्वेचे पर्याय आधीच मनाशी नक्की असावेत. कोरेगाव सोडून पुसेगावकडे जाताना वर्धनगड लागतो. गाव पायथ्याशीच आहे आणि बेताची चाल असलेला माणूस तासाभराच्या आत वर पोहोचतो. तिथून पुढे पुसेगावला सेवागिरी महाराजांचे मंदिर आहे. औंध साताऱ्यापासून साधारण ४५ किलोमीटर. यमाईचे डोंगरावरचे मंदिर आणि भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय ही तिथली दोन ठिकाणे. या संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे आई-मुलाचे शिल्पही आहे. बाहेर पाऊस असो वा ऊन, हा दिवस फसत नाही. अट एकच, संग्रहालयाचा साप्ताहिक सुटीचा दिवस आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावा. याहून लांब जाण्याची तयारी असेल तर शिखर शिंगणापूर आहेच. उन्हाळ्यात मात्र हा सगळा पट्टा तापतो, तेव्हा तिकडे जायचे झाल्यास सूर्योदयालाच निघावे.

अर्धाच दिवस हाताशी उरला असेल तर लिंबची बारामोटेची विहीर पाहावी. महामार्गावरून लिंब फाट्याला आत वळले की साताऱ्यापासून १५ किलोमीटरच्या आसपास हे ठिकाण येते. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाच्या या विहिरीतच महाल आहे, त्यामुळे एखादी सर आली तरी आडोसा मिळतो. पायऱ्या ओल्या असताना चप्पल सांभाळून उतरावे आणि लहान मुलांचा हात सोडू नये. याहून जवळ, गावाला लागूनच, कृष्णा-वेण्णेचा संगम असलेले माहुली आहे. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ नये, एवढे पथ्य पाळले की तिथल्या जुन्या मंदिरांत दोन तास सहज जातात.

सहल ठिकाणासाठी आहे की माणसांसाठी, हे आधी बोलून घ्यावे

निरोपाच्या सहली फसतात त्या बऱ्याचदा हवामानामुळे नव्हे, तर एकाच गाडीत बसलेल्या चौघांच्या मनात चार वेगवेगळे हेतू असल्यामुळे. मुलाला वासोटा 'करायचा' असतो, आईला शेजारच्या काकूंबरोबर निवांत बसायचे असते, वडिलांना कार्यालयातल्या सहकाऱ्यांना जेवण द्यायचे असते आणि आजींना सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचे दर्शन हवे असते. हे सगळे एका दिवसात कोंबले की कुणाचेच धड होत नाही. म्हणून आठवडाभर आधी घरात बसून प्रत्येकाने एकच अपेक्षा सांगावी. जी सहल माणसांसाठी आहे तिचे ठिकाण बदलले तरी चालते. जी ठिकाणासाठी आहे तिची माणसे बदलली, कमी झाली, तरी चालते. एवढा निवाडा आधी झाला असला की पावसात घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून अर्धा तास वाद घालावा लागत नाही.

माणसांसाठीची सहल शक्यतो कमी चढ-उताराची आणि गावाजवळची ठेवावी. अजिंक्यताऱ्यावर वाहन बरेच वर जाते. मंगळाई देवीचे दर्शन, तटावरून खाली पसरलेल्या शहरात आपले घर शोधणे आणि डबे उघडून जेवणे एवढ्यावर सकाळ छान जाते, आणि पाऊस आलाच तर वीस मिनिटांत घरी परतता येते. सज्जनगडालाही वाहन बरेच वर जात असले तरी शेवटी पायऱ्या उरतातच. गुडघे दुखणाऱ्यांना सकाळच्या गारव्यात न्यावे, वाटेत थांबण्यासाठी वेळ हाताशी ठेवावा आणि दुपारचा महाप्रसाद घेऊनच उतरावे. माघ वद्य नवमीला, म्हणजे दासनवमीला, आणि त्याच्या अलीकडच्या दिवसांत गडावर मोठी गर्दी असते. निवांतपणा हवा असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

वासोट्याला मात्र माणसे गोळा करत बसू नये. बामणोलीहून नाव बहुधा पूर्ण ठरवावी लागते, त्यामुळे दहा जणांच्या हिशेबाने खर्च धरला आणि ऐन वेळी चौघे गळाले तर उरलेल्यांच्या माथी तो पडतो. याचा साधा उपाय म्हणजे पैसे आधी जमा करणे. निरोपाच्या प्रसंगी पैशांचे बोलणे अनेकांना अवघड वाटते, पण नंतर त्यावरून कटुता येण्यापेक्षा हे बरे.

आदल्या संध्याकाळची आणि निघण्याच्या सकाळची कामे

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा इशारा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर पश्चिमेचा बेत तिथेच रद्द करून पूर्वेचा घ्यावा. अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन धबधबे आणि घाटातली पर्यटनस्थळे बंद ठेवण्याचे आदेश काढते, तेव्हा स्थानिक बातम्याही पाहाव्यात. कासच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी केलेली असावी, कारण दिवसाला येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समावेश झाल्यापासून तिथली शनिवार-रविवारची गर्दी अशी असते की, घरसामानाच्या धावपळीतून एक दिवसाची रजा काढून मधल्या वारी जाणे केव्हाही श्रेयस्कर. वासोट्यासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर हवे आणि प्लास्टिक शक्य तितके घरीच ठेवावे, कारण वनखात्याकडून त्याची तपासणी होते.

वाहनाची टाकी साताऱ्यातच भरावी आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. कासच्या पुढे बामणोलीकडे मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून रस्त्याचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि कुठे चाललो व किती वाजेपर्यंत परतणार हे घरी राहणाऱ्या एका तरी माणसाला सांगावे. एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जाताना वाहकालाच विचारावी. फलकावर लिहिलेल्या वेळेपेक्षा त्याचे उत्तर अधिक खरे असते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे: परत फिरण्याची वेळ ठरवणे. वासोट्याचा हिशेब उदाहरणादाखल पाहू. बामणोलीहून नाव निघाल्यावर पलीकडे पोहोचायला तासभर किंवा थोडा अधिक, मग दाट जंगलातून दोन-अडीच तासांची चढण, वर तास-दीड तास, उतरायला जवळपास तितकाच वेळ आणि पुन्हा नाव. नऊच्या सुमारास पाण्यावर असलो तरच हे उजेडात बसते. गडावर मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधार पडण्यापूर्वी अभयारण्याबाहेर यावेच लागते. म्हणून 'एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे' असे निघतानाच ठरवावे. 'परत कधी येणार आहोत' हे वाक्य ही मर्यादा मोडायला लावते आणि निरोपाच्या सहलीत ते हमखास कुणीतरी म्हणतेच. अशा वेळी मागे फिरण्याचा अधिकार ज्येष्ठ म्हणून कुणाला न देता, गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला द्यावा.

वाटेत बिघडले तर

धुके हे पावसाळी सहलीचे नेहमीचे विघ्न. ठोसेघरला धबधब्याचा आवाज कानात घुमतो आणि डोळ्यांपुढे पांढऱ्या भिंतीखेरीज काही नसते. अशा वेळी लगेच परतू नये. वाऱ्याच्या झोताबरोबर पडदा काही क्षण बाजूला होतो, म्हणून अर्धा-पाऊण तास वाट पाहावी, पण ती कठड्याच्या आतच. चांगले दिसावे म्हणून कड्याकडे सरकणे हा धुक्यातला सर्वांत घातक मोह आहे. ओल्या जांभ्या खडकावर शेवाळ असते आणि त्याची कड कुठे संपते ते कळत नाही. घाटात धुके दाटले तर गाडीचे दिवे खाली पाडावेत, वेग अगदी कमी ठेवावा आणि वळणावर थांबू नये.

दरड पडली किंवा रस्ता अडला, तर ती हटेपर्यंत तिथे उभे राहण्यात अर्थ नसतो, कारण सैल झालेल्या उतारावरून आणखी दगड येऊ शकतात. मागे फिरून मोकळ्या जागी थांबावे. कासहून मेढ्याच्या बाजूने उतरणारा रस्ता हा परतीचा दुसरा मार्ग म्हणून माहीत असावा, मात्र तो खुला आहे का, हे तिथल्या गावकऱ्यांना विचारूनच निघावे.

विजा कडाडू लागल्या तर पठार, तट आणि एकटे झाड सोडून गाडीत बसावे, काचा वर घ्याव्यात आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. हा अर्धा तास मुलांना फार मोठा वाटतो. पत्त्यांचा जोड गाडीत ठेवण्याचा सल्ला मी गंभीरपणे देतो.

किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. उग्र अत्तर, धूर, फटाके आणि मोठ्याने लावलेली गाणी या चार गोष्टी टाळल्या तर बहुतेक वेळा काही होत नाही. निरोपाची सहल म्हणून फटाके आणि स्पीकर नेणारे गट दिसतात, त्यांच्यापासून लांब राहावे. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड आणि डोके कपड्याने झाकून जमेल तितक्या लवकर दूर जावे. पावसाळी जंगलात जळू लागली तर ओढून न काढता तिच्यावर मीठ टाकावे. पाय मुरगळला किंवा कुणाला चालवेना, तर गट फोडू नये. फोडावाच लागला तर जखमी माणसाजवळ एक जण ठेवून दोघांनी मिळून मदतीला जावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

बांधाबांध आणि सहल यांची सांगड

सामान बांधताना एक गोष्ट फार वेळा घडते: रेनकोट, विजेरी, पाण्याच्या पिशव्या, बूट आणि औषधांचा डबा हे सगळे 'आता काय लागणार' म्हणून सर्वांत आधी खोक्यात जाते आणि पुढच्या रविवारी घरभर शोधाशोध होते. यासाठी सहलीची एक पिशवी वेगळी काढून ती शेवटच्या दिवसापर्यंत उघडी ठेवावी. वाहनाची कागदपत्रे आणि सर्वांची ओळखपत्रेही तिच्यातच असावीत. दुचाकी आधी ट्रान्सपोर्टने पाठवणार असाल तर तिच्यावरून करायच्या भटकंत्या त्याआधी उरकाव्यात. भाड्याच्या गाडीने कास होते, पण रस्त्यात दहा ठिकाणी थांबायची मजा जाते.

सामानाचा ट्रक येण्याच्या आधीच्या रविवारी लांबची सहल मुळीच ठेवू नये. त्या आठवड्यात गॅसची जोडणी, शाळेचा दाखला, घरमालकाचा हिशेब, वीजबिल यांपैकी काहीतरी अडतेच आणि सहलीत प्रत्येक अर्ध्या तासाला फोन वाजत राहतो. लांबचे ठिकाण तीन-चार आठवडे आधी, मधले त्यानंतर आणि शेवटच्या आठवड्यात फक्त पायी जाण्याजोगे, हा क्रम सोयीचा पडतो. चार भिंतीपर्यंतची चढण त्यासाठी पुरेशी आहे. १८५७ च्या उठावातील हुतात्म्यांचे स्मारक असलेल्या या जागेवरून संध्याकाळी सगळे गाव दिसते आणि सातच्या आत पुन्हा घरी येऊन खोकी बांधता येतात. कंदी पेढे घ्यायचे असतील तर तेही निघायच्या आदल्या दिवशीच घ्यावेत.

जे राहिले त्याचे काय करावे

जे ठिकाण दोनदा ठरवूनही झाले नाही, त्यासाठी तिसरा प्रयत्न निघण्याच्या धावपळीत करू नये. ते सरळ 'परत येऊन पाहायचे' या कागदावर टाकावे आणि तिथे नुसते नाव न लिहिता महिना, वार आणि मुक्काम हेही लिहावे. पुण्याला जाणाऱ्यांसाठी हे सोपे आहे, कारण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तरीही कासच्या दिवसांत पहाटे पुण्याहून निघून त्याच दिवशी परतण्याचा बेत आखू नये. आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करावा आणि सकाळी लवकर यवतेश्वरचा घाट चढावा. सतत पाऊस पडत असताना फुलोरा नीट पाहता येत नाही. पाऊस पडून गेल्यावर ऊन आले, की तेरडा, सोनकी, पांढरे गेंद आणि ओलाव्यात जमिनीलगत उगवणारी निळसर-जांभळी सीतेची आसवे पाहायला मिळतात. त्यामुळे मुक्काम दोन रात्रींचा ठेवता आला तर एक सकाळ पावसात गेली तरी दुसरी हाताशी राहते.

ज्यांच्याकडे मुक्काम करायचा, त्या शेजाऱ्यांना किंवा सहकाऱ्यांना निघण्यापूर्वीच तसे सांगून ठेवावे. सप्टेंबरातला एखादा मंगळवार-बुधवार त्यांच्याशी बोलूनच निवडावा, आणि नोंदणी सुरू होताच त्यांचीही नावे आपल्याबरोबर घालावीत, कारण साताऱ्यात राहणाऱ्यांचेही कास पाहायचे बहुधा राहूनच गेलेले असते.